पाच किलो पऱ्हाटीचं शिबिर

चंद्रपूर जिल्ह्यात, इरई धरणाच्या परिसरात, ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेचं हे प्रकरण आहे. शाळा आठवीपर्यंतची, पट बेताचा. जानेवारीच्या अखेरीस सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दोन दिवसांचं निवासी शिबिर ठरलं. विषय होता ऊर्जेचं मोल. आखणी मुख्याध्यापकांची आणि दोन शिक्षकांची. प्रयोगांना हातभार लावणं आणि नोंदी ठेवणं हे काम माझ्याकडे होतं. गावाचं, शाळेचं आणि मुलांचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही.

मूळ आखणी नेहमीचीच होती. दोन दिवस दिवे नाहीत, मोबाईल नाही, टीव्ही नाही. चुलीवरचा स्वयंपाक, विहिरीचं पाणी, शेकोटी आणि समारोपाला वीजबचतीची शपथ. सोयी काढून घेतल्या की पोरांना त्यांची किंमत कळेल, असा त्यामागचा विचार. नागपुरातल्या एखाद्या फ्लॅटमधल्या मुलांना तो लागू पडेलही. इथे तो पहिल्याच दुपारी अडला.

समारोपाला गोंधळ नको म्हणून एका शिक्षकांनी शपथ आधीच वाचून दाखवायला घेतली. गरज नसताना दिवे आणि पंखे बंद करीन, या ओळीवर सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, तिला खरंच उत्तर हवं होतं.

"सर, आमच्या घरी दोन बल हायेत. एक सैपाकाच्या खोलीत, एक सपरीत. कोनता बंद करू?"

पोरं हसली. सर हसले नाहीत आणि तिला खालीही बसवलं नाही. त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. 9 वॅटचे दोन बल्ब, रोज पाच तास, तीस दिवस. उत्तर आलं 2.7 युनिट. महिन्याला तीन युनिटही नाहीत. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना एवढी वीज दोनेक तासांत खातो. या मुलीने दोन्ही दिवे कायमचे बंद केले तरी वाचणार किती? शपथेचा कागद सरांनी घडी घालून खिशात ठेवला. शिबिराची खरी सुरुवात मी इथून धरतो.

या प्रश्नाला एवढं वजन का आलं, ते गावाच्या जागेवरून कळतं. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला 29 लाखांवर युनिट तयार होतात. पाणी इरई धरणाचं, कोळसा प्रामुख्याने आसपासच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींचा. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. वर्गातल्या काही मुलांचे मामा-काका खाणीत कामाला आहेत, आणि कपड्यांवर बसणारी काळी भुकटी इथल्या कोणत्याच घराला नवी नाही. पण शेतीपंपाची वीज मात्र पाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला बाप रात्री वावरात जातो, आणि वाटेत रानडुक्कर भेटेल की वाघ, याचा नेम नसतो. हातात टॉर्च, सोबतीला शेजारचा एखादा गडी, आणि घरी माय जागी.

विजेची किंमत काय, हे या घरांतल्या पोरांना कोणी शिकवायला हवं असं नाही. रात्री दोनला आलेलं युनिट आणि सकाळी दहाला आलेलं युनिट मीटरवर सारखंच दिसतं, पण ते वापरायला कोणाला कुठे जावं लागतं ते पोरं बघतातच. सरपणाचंही तेच. जंगलात लाकडं आणायला, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या बातम्या या जिल्ह्यात दर वर्षी येतात. त्या गावोगावच्या असतात, कधी नात्यातल्याही.

अशा मुलांना दोन दिवस अंधारात बसवून शिकवायचं काय? तुटवडा त्यांच्या घरचाच आहे. त्यांच्याकडे नव्हता तो हिशेब, आणि हिशेब करून निर्णय घेण्याचा हक्क. लाकूड आणते माय किंवा बहीण, जाळतो दुसराच कोणी, आणि संपलं की पुन्हा आणायला जाते तीच. जो वाहतो त्याला विचारत नाहीत, जो जाळतो त्याला वाहावं लागत नाही. हे दोन्ही एकाच हातात आणून बघू, असं त्या दुपारी चहा पिता पिता ठरलं. शिबिर फक्त एवढ्या एका मुद्द्यावर बदललं, बाकी वेळापत्रक जवळपास तेच राहिलं.

शिधा

जंगलातलं लाकूड वापरायचं नाही, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. एकतर बफरमध्ये पोरांना सरपणाला पाठवणं हा वेडेपणा. दुसरं, जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायचं काम सुरू असतं, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जळण पडलेलंच असतं. ज्यांच्या वावरात शिबिर होतं त्या शेतकऱ्यांनी पऱ्हाटी आनंदाने दिली. पऱ्हाटी रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून पुढच्या हंगामात येते, असं कृषी विभाग सांगतच असतो. त्यामुळे ती जळून गेलेली बरीच.

आठ-नऊ मुलांचा एक गट, मुलं-मुली मिसळून. प्रत्येक गटाला ताणकाट्यावर तोलून पाच किलो पऱ्हाटी. त्यात वरण, भात आणि वांग्याची भाजी करायची. पऱ्हाटी धुऱ्यावरून स्वतः मोडून, मोळी बांधून आणायची. आणि एकच अट: रात्री जेवढी उरेल ती गटाची, सकाळी तिच्यावर पाणी तापवायचं. उरली नाही तर गार पाण्याने तोंड धुवायचं. पहाटे चांगलीच हुडहुडी भरते, त्यामुळे ही अट पोरांना लगेच समजली.

गावातल्या दोन-तीन जाणत्यांना हे पटलं नाही. वावरात जेवण म्हटलं की रोडगे आणि वांग्याची भाजी, वरण-भात काय घरी मिळत नाही? बोलणं रास्त होतं. पण रोडग्यांना गोवऱ्यांची रास लागते, ती पाच किलोत कशी बसवणार? रोडगे दुसऱ्या दिवशी दुपारी, गावकऱ्यांच्या हातचे, असा तोडगा निघाला. त्या दिवशी किती गोवऱ्या जळल्या ते कोणी तोललं नाही, आणि तोलूही नये.

संध्याकाळी विटांच्या चुली मांडल्या. पऱ्हाटीचा स्वभाव असा की ती झटकन पेटते, भडभड जळते आणि निखारा फारसा धरत नाही. बाभळीचं लाकूड एकदा लागलं की तासभर बघावं लागत नाही. पऱ्हाटीपुढून उठता येत नाही. एका गटात आठवीतली दोन पोरं चुलीपुढे ठाण मांडून बसली. मोठा जाळ म्हणजे लवकर स्वयंपाक, हे त्यांचं शास्त्र. ज्वाळा गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठाच्या वर जात होत्या, पाणी खदखदत होतं, वाफेचा लोट उठत होता, आणि तुरीची डाळ होती तशीच टणक. सहावीतली एक मुलगी बराच वेळ बघत होती. मग न राहवून म्हणाली, "दादा, उकळी आली ना आता. काहून जाळून रायला?"

तिने पुढे होऊन दोन काड्या मागे ओढल्या, गंजावर झाकणी ठेवली, झाकणीवर थोडं पाणी ओतलं. आईचं बघून आलेलं हे ज्ञान. त्यामागचा हिशेब तिला ठाऊक नव्हता, तो सरांनी जेवणानंतर सांगितला, आणि तो सांगण्यासारखाच आहे. खोलीच्या तापमानाचं, समजा 25 अंशांचं, एक लिटर पाणी 100 अंशांवर न्यायला 75 किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच उकळतं पाणी पूर्ण वाफ करून उडवायला 540. म्हणजे सातपटीहून जास्त. एकदा उकळी फुटली की उघड्या भांड्यातलं तापमान पुढे चढत नाही. कितीही जाळा, डाळ त्याच शंभर अंशांवर शिजते. वरचा जाळ डाळीत जात नाही, आभाळात जातो. डाळ लवकर शिजवायची तर जाळ वाढवून उपयोग नाही. ती आधी भिजत घालायची, आणि जाळ उकळी मोडणार नाही एवढाच ठेवायचा.

त्या पोरांची पऱ्हाटी भाजी चढायच्या आतच संपली. शेजारच्या गटाकडे उसनी मागायला गेले, तिथे व्यवहार झाला: सकाळचं विहिरीचं पाणी तुम्ही ओढा, आम्ही किलोभर देतो. शिक्षकांनी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं. मला विचाराल तर शिबिरातला सगळ्यात मोलाचा धडा हा व्यवहार होता, आणि तो आखणीत कुठेच नव्हता.

कुटाराचं पोतं

दुसरा एक गट वेगळ्याच वाटेने गेला. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की शिजायला जाळ लागत नाही, उष्णता लागते. ती भांड्यात टिकवता आली तर चूल विझवता येईल. टिकवायची कशात, हा प्रश्न त्यांच्याकडेच ठेवला. कोणी वाळू म्हणालं, कोणी गोधडी. एका मुलाने गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पडलं होतं, बैलांसाठी ठेवलेलं.

भाताला उकळी फुटून पाच-सात मिनिटं झाल्यावर त्यांनी गंज उतरवला. झाकणी घट्ट बसवून वर कापड बांधलं. पोत्यात खाली वीतभर कुटार, मध्ये गंज, चारही अंगांनी आणि वरून ठेचून कुटार, मग पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं. हे सगळं करताना घाई करावी लागते, कारण गंज उघड्यावर असतो तो प्रत्येक क्षण उष्णता सोडत असतो. पहिल्यांदा झाकणी सरकली आणि कुटार आत गेलं. ते निवडून पुन्हा उकळी आणावी लागली. दुसऱ्यांदा नीट जमलं. त्यानंतर तासभर त्या पोत्याभोवती अख्खं शिबिर घिरट्या घालत होतं. उघडून बघायची परवानगी नव्हती. पोत्याला बाहेरून हात लावला तर गार लागत होतं, त्यामुळे भात कच्चाच राहणार यावर पैजा लागल्या.

भात मोकळा शिजला होता, गंज फडक्याशिवाय धरवत नव्हता. कुटाराच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. गोधडीत थंडी वाजत नाही त्याचं कारणही हेच. डाळीला मात्र हे इतकं सहज जमत नाही. तूरडाळ आधी तास-दोन तास भिजलेली हवी आणि पोत्यात घालण्याआधी जरा जास्त वेळ उकळलेली हवी, नाहीतर दाणा राहतो. भात, मूगडाळ, खिचडी यांना पोतं उत्तम. या गटाची निम्म्याच्या आसपास पऱ्हाटी उरली, आणि रात्री त्यांच्या मोळीवर पहारा ठेवायची वेळ आली, कारण इतर गटांची नजर होती.

सौर पेटीही होती, शाळेत धूळ खात पडलेली. आरसा पुसून दुसऱ्या सकाळी उन्हात लावली, दुपारपर्यंत त्यात शेंगदाणे उकडले. मुलांना ती फारशी भावली नाही. त्यांच्या मते त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मला त्यात तथ्य वाटतं.

विहीर

रात्री मुक्काम वावरात ठेवला नव्हता. अंधार पडायच्या आत सगळे शाळेच्या आवारात परतले, मुली आतल्या दोन खोल्यांत, सोबत मॅडम आणि गावातल्या दोन माता. वनविभागाची सूचना असो-नसो, या भागात पोरांना उघड्यावर झोपवायचं नाही. मोकळ्यावरच्या जगण्याच्या नावाखाली असलं धाडस कोणी करू नये. शाळेच्या मागच्या बाजूने, आभाळ निवळ असलं की, वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात. मुलांनी ते रोजच पाहिलेले, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

सकाळी पाणी तापवण्यावरून भांडणं होणार हे अपेक्षित होतं, झालीही. किलोभर पऱ्हाटीतली सगळी उष्णता पाण्यात गेली तर मोप पाणी उकळेल, पण विटांच्या उघड्या चुलीत दहातला जेमतेम एक भाग पाण्यापर्यंत पोचतो. बाकी वाऱ्याला, विटांना आणि धुराला. त्या हिशेबाने किलोभर पऱ्हाटी म्हणजे पाचेक लिटर उकळतं पाणी. ते गारात मिसळून आठ जणांच्या तोंड-हातपायांना पुरतं. कुटारवाल्या गटाने आंघोळ केली. ज्यांची पऱ्हाटी संपली होती ते, कराराप्रमाणे, शेजारच्यांसाठी विहिरीवर पाणी ओढत होते.

तिथेच पुढचा प्रयोग झाला. विहिरीला कठडा होता, कप्पी होती, एक शिक्षक सतत दोराजवळ उभे होते. पाणी सुमारे 40 फुटांवर. बादलीत दहा लिटर पाणी, म्हणजे दहा किलो. सरांनी एकाला बादली ओढायला लावली आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागलं. दहा किलो वजन 40 फूट वर आणायला सुमारे 1200 जूल काम होतं. ते अर्ध्या मिनिटात झालं तर 40 वॅट. आठवीतल्या त्या पोराने, दम लागेपर्यंत ओढून, 9 वॅटचे चार बल्ब जेमतेम पेटवले असते, तेही ओढत होता तेवढाच वेळ.

मग मीटरवरच्या एका युनिटचा प्रश्न आला. एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. 36 लाखांना 1200 ने भागा. तीन हजार बादल्या. आकडा फळ्यावर नव्हता, सरांनी विहिरीच्या कठड्यावर खडूने लिहिला, आणि दोर अजून मुलांच्या हातात होता. एकाने विचारलं, "आमचा पंप किती खाते?" पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिटच्या आसपास घेतो. त्या पोराने तोंडीच गुणाकार केला, बारा हजार बादल्या, आणि पुढे म्हणाला, "पन आमाले तं बिलच येत नाही." खरं आहे. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल राज्य सरकार भरतं. बिल शून्य आणि बादल्या बारा हजार, या दोन आकड्यांचा मेळ कसा घालायचा यावर मुलं बराच वेळ बोलत होती. बिल कोणीतरी भरतंच, हे एकीने सांगितलं. कोळसा तर जळलाच, हे दुसऱ्याने. मोठ्यांच्या सभेत हा विषय निघाला असता तर पाच मिनिटांत पक्षावर गेला असता.

त्यानंतर पोरांनी बादलीलाच माप केलं. कशाला किती बादल्या? मोबाईलची 5000 एमएएचची बॅटरी पूर्ण भरली तर तिच्यात साधारण 19 वॅट-तास साठतात, म्हणजे साठेक बादल्या. एवढ्याच? मुलांइतकेच शिक्षकही चकित झाले. आंघोळीचं 15 लिटर पाणी 20 अंशांनी गरम करायचं तर? साडेबारा लाख जूलच्या घरात. हजाराहून जास्त बादल्या. एक आंघोळ म्हणजे मोबाईल सतरा-अठरा वेळा भरणं.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. ऊर्जाबचतीचं आपलं सगळं शिकवणं दिव्याच्या बटणाभोवती फिरतं, कारण दिवा दिसतो. एलईडी आल्यापासून उजेड स्वस्त झाला आहे. महाग आहे ते पाणी तापवणं, पाणी चढवणं, हवा गार करणं. मोबाईल मुलांपासून लांब ठेवायची दहा चांगली कारणं आहेत, पण वीज हे त्यातलं नाही. आणि खोटं कारण दिलं की मुलं खऱ्या कारणांवरही विश्वास ठेवत नाहीत. शिबिराच्या नियमांतला 'मोबाईलने वीज जाते' हा भाग मॅडमनी तिथल्या तिथे काढून टाकला, नियम मात्र ठेवला.

1937 साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण द्यायचा विचार मांडला गेला, त्यातूनच नई तालीम उभी राहिली. वर्धा इथून फार लांब नाही. पण आपल्या शाळांत त्या विचाराचं पुष्कळदा नुसतं श्रमदान होतं, काम होतं आणि मोजमाप राहून जातं. विहिरीवर दोर ओढायला लावणं हे गावच्या मुलांना नवं नाही. दोर हातात असतानाच भागाकार करायला लावणं नवं होतं.

पुढे काय झालं

शपथ झाली नाही. तिच्या जागी प्रत्येक मुलाने घरी एक गोष्ट मोजून आणायची, असं ठरलं. काय मोजायचं ते त्याने ठरवायचं. आलेल्या वह्या बऱ्याच अर्धवट होत्या, काहींनी सरळ एकमेकांचं उतरवलं होतं. पण ज्या भरल्या होत्या त्यांतून एक गोष्ट ठळक दिसली. उज्ज्वलाचं सिलिंडर असलेल्या घरांतही डाळ आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. गॅस चहाला, पाहुण्यांना आणि पावसाळ्यात सरपण ओलं असलं तेव्हा. सिलिंडर जपून वापरलं जातं कारण भरायला रोख पैसे लागतात. सरपणाला पैसे लागत नाहीत, मायचे पाय लागतात. एका मुलाने वहीत मायच्या डोक्यावरची मोळी तोलून लिहिली होती. काटा शाळेतूनच नेला होता.

शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात लहानसा पण टिकलेला बदल झाला. स्वयंपाक करणाऱ्या ताई शिबिरात भात बघून गेल्या होत्या. त्यांनी कुटाराचं पोतं नाकारलं, एवढ्या मोठ्या गंजाला ते जमणार नाही म्हणाल्या, आणि ते बरोबरही होतं. डाळ मात्र त्या आता सकाळी आल्या आल्या भिजत घालतात. आधी का घालत नव्हत्या, तर डाळ काढून द्यायची किल्ली ज्यांच्याकडे ती व्यक्ती उशिरा यायची. किल्लीची जागा बदलली.

तिसरी गोष्ट गावची. दिवसाढवळ्या जळणारे रस्त्यावरचे दिवे मुलांच्या डोळ्यावर आले. आठवीतल्या मुलांनी त्याचा बादल्यांत हिशेब करून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. खांबावरचा स्विच कोणी खालीवर करायचा, यावर अर्ज अजून फिरतो आहे. ज्या मुलीने दोन बल्बांचा प्रश्न विचारला होता तिचं नाव सह्यांमध्ये पहिलं आहे.

जे बदललं नाही तेही नोंदवायला हवं. घरचं सरपण अजूनही मुलीच आणतात. शिबिरात मोळी बांधणारी आणि चुलीपुढे बसणारी पोरं घरी गेल्यावर ताटावर बसली. दोन दिवसांत यापेक्षा वेगळं होईल अशी आशा कोणी धरली नव्हती, पण पुढच्या वर्षी पालकांना, विशेषतः बापांना, एका संध्याकाळी चुलीपुढे बसवायचं मुख्याध्यापकांच्या मनात आहे. पाच किलो पऱ्हाटी आणि तोच नियम. गावात यावर सध्या थट्टाच जास्त चालते.

दुसऱ्या शाळांना करायचं असेल तर सामान फार लागत नाही. ताणकाटा रेशन दुकानदार किंवा कापूस घेणारा व्यापारी दोन दिवस देतो. जळण वावरातलं घ्यावं, पऱ्हाटी नसेल तर तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळलेली झाडं, चालते, ती आणखी भडभड जळते म्हणून शिधा थोडा वाढवावा. वारा सुटला तर चुली धुऱ्याच्या आडोशाला घ्याव्यात, प्रत्येक चुलीजवळ पाण्याची बादली हवीच, आणि उभं पीक किंवा कुटाराचा ढीग चुलीपासून लांब असावा. विहिरीला पक्का कठडा नसेल तर तो प्रयोग सोडून द्यावा. जिन्यावरून पाण्याचा डबा वर नेऊनही तोच हिशेब करता येतो. वेळ जानेवारी-फेब्रुवारीची बरी, कारण उरलेल्या पऱ्हाटीचं मोल कळायला सकाळी थंडी पडावी लागते. मार्च लागला की गरम पाणी कोणालाच नको असतं, आणि उरवायचं कारणही उरत नाही.